माणिक : मोगोकच्या खाणी, थिबा राजा आणि आपल्या नथीतला लाल खडा

मांडवी

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहायला येणाऱ्यांना ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाच्या, थिबाच्या कैदेची गोष्ट सांगितली जाते. एप्रिल १८८६ मध्ये इंग्रजांनी त्याला इथे आणलं, डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच गेला, आणि राजवाडा बांधून झाला तो १९१० मध्ये, म्हणजे त्यात राहायला त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. हे सगळं खरं. पण हा राजा कशाचा धनी होता, हे फारसं कोणी सांगत नाही. जगातली सर्वात सुंदर माणकं ज्या खोऱ्यातून निघतात, ते मोगोकचं खोरं त्याच्या मालकीचं होतं. त्याबद्दल इथे सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

मोगोक मंडालेच्या ईशान्येला, डोंगरात आहे. तिथलं माणिक संगमरवरात तयार झालेलं. लाखो वर्षांत संगमरवर झिजून, विरघळून गेला, पण माणिक काही झिजत नाही. ते ओढ्यांच्या गाळात आणि गुहांच्या तळाशी साचत राहिलं. या रत्नगर्भ गाळाला तिथले लोक ब्योन म्हणतात. खड्डे खणून ब्योन वर काढायचा, धुवायचा, निवडायचा, अशी शेकडो वर्षांची पद्धत. त्यातही एक रीत मला फार महत्त्वाची वाटते. खाणवाल्याने धुऊन टाकून दिलेल्या रेतीत जे उरेल ते वेचायचा हक्क गावातल्या बायकांचा असे. त्यांना कनासे म्हणतात. राजा बदलला, कंपनी आली, सरकारं आली, तरी ही रीत टिकली.

आता रंग. माणिक म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक, अर्थात कुरुंद. धार लावायच्या दगडात जो कुरुंद असतो, तोच. शुद्ध कुरुंदाला रंग नसतो. त्यात काही ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम बसलं की तो लाल होतो. क्रोमियम प्रकाशातला जांभळा आणि पिवळा-हिरवा भाग शोषून घेतं, लाल तेवढा बाहेर येऊ देतं. एवढ्यावर थांबलं असतं तर माणिक म्हणजे एक चांगला लाल खडा, इतकंच. पण शोषलेल्या प्रकाशातला काही भाग क्रोमियम पुन्हा लाल प्रकाश म्हणूनच बाहेर टाकतं. म्हणजे माणिक लाल दिसतं आणि शिवाय स्वतः लाल उजळतं. लोह असेल तर हे उजळणं दबतं. मोगोकच्या संगमरवरात लोह अगदी कमी, म्हणून तिथलं माणिक उन्हात धरलं की आतून पेटल्यासारखं वाटतं. थायलंड-कंबोडियाच्या बेसाल्टमधल्या माणकांत लोह भरपूर, ती काळसर दिसतात.

वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत रत्नाचे गुण सांगितले आहेत. त्यात स्निग्ध, स्वच्छ, जड, गडद रंगाचं यांच्याबरोबर ‘अंतःप्रभ’ असाही गुण आहे. क्रोमियम कोणाला ठाऊकही नव्हतं तेव्हा नुसत्या डोळ्यांनी पारखणाऱ्यांनी आतलं तेज वेगळं ओळखलं होतं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

ब्रह्मी राजांचा कायदा असा, की ठरावीक किमतीच्या वरचा प्रत्येक खडा राजाचा. राजघराण्याच्या खजिन्यात सर्वात मोलाचं होतं न्गा मौक नावाचं माणिक, ज्याला ते सापडलं त्याच्या नावावरून ओळखलं जाणारं. नोव्हेंबर १८८५ च्या अखेरीस इंग्रज मंडालेत शिरले, थिबाला घाईघाईने नदीवरच्या बोटीत बसवलं, आणि त्या गोंधळात न्गा मौक नाहीसं झालं. राजवाड्यात त्या वेळी कर्नल स्लेडन हा इंग्रज अधिकारी होता. माणिक आपण त्याच्या ताब्यात दिलं, असं थिबाचं म्हणणं. स्लेडनने ते नाकारलं. रत्नागिरीतून थिबाने सरकारकडे याबद्दल दाद मागितली, काही निष्पन्न झालं नाही. ते माणिक आजवर कोणाला सापडलेलं नाही.

बरोबर आणलेलं बाकीचं जडजवाहीर रत्नागिरीत हळूहळू विकलं गेलं. सरकारी तनखा त्या कुटुंबाला पुरत नव्हता.

आणि मोगोक? १ जानेवारी १८८६ ला उत्तर ब्रह्मदेश इंग्रजी राज्यात सामील झाला आणि १८८९ मध्ये लंडनमध्ये बर्मा रुबी माइन्स ही कंपनी उभी राहिली. तिच्या शेअरसाठी रॉथ्सचाइल्डच्या कचेरीबाहेर एवढी झुंबड उडाली, की खुद्द लॉर्ड रॉथ्सचाइल्ड शिडी लावून खिडकीतून आत गेले असं सांगतात. कंपनीने यंत्रं आणली, वीज तयार केली, गावाखाली ब्योन आहे म्हणून गावच हलवलं. तरी हिशेब जमला नाही. पुढे खाणीचा मोठा खड्डा पाण्याने भरला. मोगोकच्या मधोमध आज जे तळं दिसतं ते तेच. १९२५ मध्ये कंपनी मोडीत निघाली, १९३१ मध्ये तिने पट्टा सोडून दिला.

माणिक बघताना आपण रंग विचारतो, वजन विचारतो, भाव विचारतो. ते कुठून आलं, कोणाच्या हातून कोणाकडे गेलं आणि वाटेत त्याच्यावर काय काय केलं गेलं, हे प्रश्न मात्र दुकानात कोणी करत नाही. या धाग्यावर त्याबद्दल बोलूया. ज्यांना धंद्यातलं कळतं त्यांनी जरूर लिहावं.

---

बखरवाचक

उत्तम धागा, मांडवीताई. इतिहासातली एक मोठी सरमिसळ इथे सांगायला हवी. जुन्या वर्णनांत जिथे जिथे प्रचंड मोठ्या ‘माणका’चा उल्लेख येतो, तिथे बहुतेक वेळा तो खडा माणिक नसतो. तो ‘लाल’ असतो, म्हणजे आजच्या भाषेत स्पिनेल. त्यात मॅग्नेशियमही असतं, कठीणपणा ८ (माणकाचा ९), आणि वजनाला माणकापेक्षा हलका. रंग मात्र क्रोमियमचाच, त्यामुळे डोळा फसतो. मोठे लाल यायचे बदख्शानमधून. ती कुह-इ-लालची खाण आज ताजिकिस्तानात येते.

आपल्याकडच्या आणि इराणी जवाहिऱ्यांना हा भेद माहीत होता. अल-बिरुनीने ११ व्या शतकात लाल आणि याकूत (म्हणजे माणिक) वेगळे मांडले आहेत. युरोपात दोघांची रासायनिक फारकत झाली ती थेट १७८३ मध्ये. शाहजहानच्या मयूरासनावर १०८ मोठे लाल होते असं ताव्हेर्निये लिहितो, तेही स्पिनेलच.

‘तैमूरचं माणिक’ म्हणतात तो खडा साडेतीनशे कॅरटचा लाल आहे आणि आज इंग्लंडच्या राजघराण्याकडे आहे. त्याच्यावर मालकांची नावं कोरलेली आहेत. मुघल बादशहा, मग १७३९ मध्ये दिल्ली लुटणारा नादिरशहा, मग अहमदशहा अब्दाली. पानिपतावर आपल्यासमोर उभा राहिलेला तोच अब्दाली. त्याच्या वंशजांकडून हा खडा रणजितसिंहाकडे आणि १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. तैमूरचा त्याच्याशी संबंध नावापुरताच.

इंग्लंडच्या मुकुटात समोरच बसवलेलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ तेही स्पिनेल. १३६७ मध्ये कॅस्टिलच्या पेद्रोने ते इंग्रज राजपुत्राला दिलं. कधीकाळी ओवण्यासाठी त्याला वरून भोक पाडलेलं होतं. ते भोक नंतर एका छोट्या खड्याने बुजवलं, आणि तो छोटा खडा मात्र खरं माणिक आहे.

---

ओवी

बापरे, म्हणजे मुकुटातलं खरं माणिक भोक बुजवायला! बखरवाचक, मग न्गा मौक तरी माणिकच होतं ना?

---

बखरवाचक

ते ब्रह्मदेशात माणिकच मानलं जाई. पण मोगोकला स्पिनेलही मुबलक निघतं, आणि खडा हातात असल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही. वाटून घेतलेल्या लुटीत तो कुठेतरी दुसऱ्याच नावाने, कदाचित तुकडे करून, पुन्हा पैलू पाडून पडलेला असेल. तुकडे झाले असतील तर शोधही संपला.

---

खनिजप्रेमी

भूशास्त्राच्या बाजूने थोडं लिहितो, कारण माणिक एवढं दुर्मीळ का, याचं उत्तर तिथे आहे.

पृथ्वीच्या कवचात ॲल्युमिनियम भरपूर. पण त्याच्याबरोबर सिलिकाही जवळपास सगळीकडे असते, आणि सिलिका मोकळी असेल तर ॲल्युमिनियम तिच्याशी जोडलं जातं, कुरुंद होतच नाही. क्रोमियम असतं ते वेगळ्याच, खोलातल्या खडकांत. म्हणजे सिलिका नको, लोह नको, क्रोमियम हवं, वर प्रचंड दाब आणि उष्णता हवी. हे सगळं एका ठिकाणी जमून आलं ते भारताचा भूखंड उत्तरेला सरकत आशियावर आदळला तेव्हा. अफगाणिस्तानातलं जेगदलेक, हुंझा, मोगोक, व्हिएतनाममधलं लुक येन, ही संगमरवरातल्या माणकांची सगळी ठिकाणं त्याच टकरीच्या पट्ट्यात येतात. ज्या घडामोडीने हिमालय उभा केला तिनेच मोगोकचं माणिक घडवलं.

दुसरी गोष्ट. कुरुंदात क्रोमियमऐवजी लोह आणि टायटेनियम आलं की तो निळा होतो, म्हणजे नीलम. माणिक आणि नीलम एकाच खनिजाचे दोन रंग आहेत. ज्योतिषात माणिक सूर्याचं, नीलम शनीचं. पुराणात शनी सूर्याचा मुलगा. दोघांचं पटत नाही म्हणून ही दोन रत्नं एकत्र घालू नयेत असं सांगतात, आणि खडकात मात्र ती एकाच कुळातली निघतात. ही जोडी मला कायम विलक्षण वाटत आली आहे. गंमत म्हणजे तेच क्रोमियम बेरिल या खनिजात शिरलं की हिरवा रंग येतो आणि आपण त्याला पाचू म्हणतो.

आणि माणकाचं तेज फक्त अंगठीत अडकून पडलेलं नाही. १६ मे १९६० रोजी थिओडोर मायमन यांनी कॅलिफोर्नियात जगातला पहिला लेसर चालवला, तो कृत्रिम माणकाच्या कांडीतून. ६९४.३ नॅनोमीटरचा गडद लाल झोत. मांडवीताईंनी लिहिलेलं ‘स्वतः लाल उजळणं’ म्हणजे हेच. अतिउच्च दाबाच्या प्रयोगांत आजही माणकाचा कण ठेवतात आणि त्याच्या लाल प्रकाशाची तरंगलांबी किती सरकली त्यावरून दाब मोजतात.

---

ओवी

महाराष्ट्रात कुठे माणिक मिळतं का?

---

खनिजप्रेमी

रत्न म्हणावं असं नाही. आपला बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टचा. त्यात अप्रतिम झिओलाइट मिळतात, माणिक नाही. भारतात ओडिशाच्या कालाहांडीत चांगली माणकं निघतात. कर्नाटकात, म्हैसूरच्या बाजूला, तारा दिसणारी माणकं मिळतात. अपारदर्शक, पण घुमटाकार घासली की वर सहा किरणांचा तारा. आत रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया तीन दिशांनी आडव्या पसरलेल्या असतात, त्यांच्यावरून प्रकाश परतून तो तारा दिसतो.

---

भिंगवाला

मी झवेरी बाजारात खडे बसवण्याचं काम करत आलो. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून हाताने काम थांबवलंय. सगळे इतकं मनापासून लिहितायत, तर धंद्यातली बाजू मांडतो.

आज बाजारात दिसणारी बहुतेक माणकं भट्टीतून गेलेली असतात. यात लपवण्यासारखं काही नाही. सिलोनमध्ये फुंकणीने आगीवर धरून खड्यातली निळसर झाक घालवायची कला शेकडो वर्षं जुनी. आता विजेच्या भट्टीत सतराशे-अठराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आतल्या रुटाइलच्या सुया, ज्यांना आम्ही रेशीम म्हणतो, त्या विरघळतात, खडा स्वच्छ होतो, रंग खुलतो. हा बदल कायमचा. तापवलेलं माणिक हे माणिकच. फक्त न तापवलेल्याची किंमत कितीतरी पट जास्त, म्हणून ते सांगायला हवं. भिंगाखाली रेशीम सुबक, अखंड दिसलं तर खड्याला जबर आच लागलेली नाही असा अंदाज येतो. गिऱ्हाईक ‘आत काही नको, एकदम साफ दाखवा’ म्हणतं. मी म्हणायचो, आतल्या खुणा हीच त्याची जन्मपत्रिका आहे.

१९९० च्या दशकात ब्रह्मदेशातल्याच मोंग सूचा माल आला. मध्यभागी निळा-काळा गाभा. तापवला की गाभा जाऊन लाल होई. तापवताना टाकणखारासारखे पदार्थ वापरत, त्यामुळे भेगा भरून यायच्या आणि भेगेत काचेसारखा अंश उरायचा. इथपर्यंतही ठीक.

खरी फसवणूक २००४ च्या सुमाराला सुरू झाली. भेगांनी भरलेला, दुधट, रत्न म्हणून कोणी हातात धरणार नाही असा कुरुंद घ्यायचा आणि त्यात शिशाची काच उतरवायची. काच भेगांत अशी बसते की खडा पारदर्शक आणि लालभडक दिसतो. काही प्रयोगशाळा याला माणिक म्हणतच नाहीत, दाखल्यावर ‘कॉम्पोझिट’ लिहितात. हा खडा अंगठीत असताना सोनाराने डाग देताना ज्योत लागली तर काच उकळते. ॲसिडमध्ये घातला तर भेगा उघड्या पडतात. लिंबाचा रससुद्धा त्याला पुरेसा आहे. दिव्याखाली हलवला तर आत निळी चमक आणि बुडबुडे दिसतात, ती त्याची खूण.

---

चंद्रकोर

भिंगवाले काका, हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या सासूबाईंची अंगठी एका दुकानात सैल करायला दिली होती. परत आली तेव्हा खडा पांढुरका पडलेला, वरून जाळं पसरल्यासारख्या रेघा. दुकानदाराने ‘तुमचा खडा आधीच तसा होता’ म्हणून हात वर केले. सासूबाई फार रडल्या, कारण ती सासऱ्यांनी साठीला दिलेली होती. आता कळतंय नक्की काय झालं ते. काही करता येईल का?

---

भिंगवाला

ताई, वाईट वाटलं. पुन्हा काच भरून देणारे मिळतील, पण त्यात अर्थ नाही, परत तेच होईल. अंगठीची घडण जपा, त्यात आठवण आहे. खडा बदलायचा तर लहान का होईना, साधं तापवलेलं माणिक घ्या, दाखल्यासकट.

दाखला वाचताना तीन ओळी बघायच्या. पहिली, नैसर्गिक की कृत्रिम. दुसरी, प्रक्रिया: काहीच नाही, फक्त तापवलेलं, की भेगांत काही भरलेलं. तिसरी, उगम. उगम हे तज्ज्ञाचं मत असतं, सगळ्याच दाखल्यांवर ते नसतं. खडे तपासणाऱ्या प्रयोगशाळा म्हणजे मुंबईत जीआयए, जीआयआय, जयपूरला आयआयजीजे-आरएलसी (आधीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी). दुकानदाराने स्वतः छापलेलं कार्ड म्हणजे दाखला नव्हे.

---

अक्षांश१९

घरगुती परीक्षा करता येत नाही का? आमच्याकडे सांगतात, खरं माणिक दुधात टाकलं की दूध गुलाबी दिसतं. शिवाय आता अतिनील टॉर्च मिळतो, त्यात लाल उजळलं की खरं.

---

भिंगवाला

दुधाची परीक्षा सोडून द्या. कुठलाही पारदर्शक लाल खडा उजेडात तेवढी झाक देतो, काचही देते. टॉर्चचं म्हणाल तर कृत्रिम माणिक मोगोकच्या माणकासारखंच, कधीकधी जास्तच उजळतं, कारण त्यात क्रोमियम आहे आणि लोह नाही. उलट लोह असलेलं अस्सल थाई माणिक मंद राहतं. काचेवर ओरखडा काढून पाहणंही तसंच, कृत्रिम माणिकही काच कापतं. कृत्रिम ओळखायला भिंगच हवं. त्याच्यात जुन्या ग्रामोफोन तबकडीवर असतात तशा वाकड्या, समांतर रेघा दिसतात आणि गोल बुडबुडे. निसर्गातल्या स्फटिकाच्या वाढीच्या रेघा सरळ आणि कोनात असतात, कधीच वाकड्या नाहीत.

---

मांडवी

काका, तुम्ही लिहिताय त्यातल्या प्रत्येक वाक्याचा लोकांना उपयोग होणार आहे. कृत्रिम माणकाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. फ्रान्समधल्या ऑग्युस्त व्हेर्नई यांनी १९०२ मध्ये आपली पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनाची भुकटी थोड्या क्रोमियमसकट हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली सोडायची, वितळून ती खालच्या टोकावर साचते आणि स्फटिकाची कांडी वाढत जाते. काही तासांत माणिक. काही वर्षांतच ही माणकं जगभर पोचली, घड्याळांच्या यंत्रात बसली, आणि १९०८ च्या सुमाराला गिऱ्हाइकांचा विश्वास एवढा डळमळला की मोगोकच्या कंपनीला त्याचा जबर फटका बसला.

आपल्यासाठी यातला मुद्दा असा, की कृत्रिम माणिक शंभर वर्षांहून जुनं असू शकतं. ‘पणजीची नथ आहे, म्हणजे खडा अस्सलच’ हे धरून चालू नका.

---

ओवी

हेच विचारणार होते! नथीत मोत्यांच्या मध्ये जो लाल खडा असतो, तन्मणीच्या खोडात, चिंचपेटीत, कुड्यांत जे लाल दिसतं, ते सगळं माणिकच का?

---

भिंगवाला

जुन्या चांगल्या कामात माणिक असायचंच, पण बहुतेक लहान, फिक्या किंवा गुलाबी छटेचं. बाजारात त्याला चुनी म्हणतात. जोडीला लालही असायचे, आणि काचही. ते बसवायचे बंद कोंदणात, खड्याखाली डांक घालून. डांक म्हणजे चकाकता पातळ पत्रा, कधी रंगवलेला. खालून उजेड परतला की फिकी चुनीही गडद दिसते. याला मी फसवणूक म्हणणार नाही. तो दागिना दिव्याच्या, समईच्या उजेडात बघायचा होता, आणि कारागिराने त्या उजेडाचा विचार करून तो केला. आजच्या बाजारातल्या नथींत मात्र बहुतेक कृत्रिम माणिक किंवा काच असते. रोजच्या वापराला काहीच हरकत नाही, फक्त किंमत त्याप्रमाणे द्या.

---

अक्षांश१९

माझा प्रश्न वेगळा. पत्रिकेत रवी कमजोर आहे म्हणून ‘सव्वापाच रत्तीचं माणिक, सोन्यात, अनामिकेत, रविवारी सूर्योदयाला’ असं सांगितलंय. दोन दुकानांत एकाच आकाराच्या खड्याची रत्ती वेगळी निघाली. इथे ज्योतिषावर वाद नको, पण हे रत्तीचं काय?

---

मांडवी

वाद अजिबात नको. नवरत्नांच्या अंगठीत माणिक मधोमध बसतं आणि बाकीचे आठ भोवती, ही मांडणी मलाही फार आवडते. सूर्य, राजा, रक्त, तेज, शौर्य, हे सगळं माणकाभोवती जगभर गुंफलं गेलं आहे. ब्रह्मदेशात शरीरात माणिक रुतवून घेतलं की जखम होत नाही अशी समजूत सैनिकांत होती असं जुने प्रवासी लिहितात. पाश्चात्त्यांत ते जुलैचं जन्मरत्न, आणि लग्नाच्या ४० व्या वाढदिवसाचं.

पण रत्तीचं कारण साधं आहे. दोन रत्ती चालतात. सोनाराची रत्ती साधारण १२१ मिलिग्रॅमची आणि रत्नवाल्यांची साधारण १८२ मिलिग्रॅमची. दोन्ही दुकानदार आपापल्या परीने बरोबर असू शकतात. वजन कॅरटमध्ये मागा. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, सगळ्या जगात.

आणि एक विनंती. सांगितलेलं वजन गाठायचंच म्हणून स्वस्तात पाच रत्तींचा भरीव लालभडक खडा मिळतोय, तर तो जवळपास नक्की काच भरलेला असतो. श्रद्धेने घालणार असाल तर श्रद्धेच्या जागी शिशाची काच येऊ देऊ नका. लहान पण खरं माणिक घ्या.

---

बँकॉकहून

उशिरा येतोय. मी थायलंडमध्ये राहतो. चांथाबुरीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जगातल्या माणकांचा मोठा हिस्सा तापवायला आणि पैलू पाडायला इथे येतो. शुक्रवार ते रविवार बाजार भरतो. इथे विकणारा दुकानात बसत नाही. घेणारा टेबल भाड्याने घेऊन बसतो, आणि विकणारे कागदाच्या पुड्या घेऊन त्याच्यासमोर येतात. पुडी उघडते, चिमट्याने खडा उचलला जातो, भिंग डोळ्याला लागतं, कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला जातो.

तिथे आता आफ्रिकेचा माल सर्वाधिक दिसतो. मोझांबिकच्या मोंतेप्वेझमध्ये २००९ मध्ये माणकं सापडली आणि धंद्याचं चित्रच पालटलं. त्यात लोह मोगोकपेक्षा जास्त, थाई मालापेक्षा कमी, म्हणून तेज मधलं. पण खडे मोठे निघतात. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला ५५.२२ कॅरटचं ‘एस्त्रेला दे फुरा’ ३ कोटी ४८ लाख डॉलरला गेलं. ते तिथलंच. त्याआधीचा उच्चांक मोगोकच्या २५.५९ कॅरटच्या ‘सनराइज रुबी’चा, २०१५ मध्ये जिनिव्हात ३ कोटी ३ लाख डॉलर. वजन निम्म्याहून कमी, किंमत जवळजवळ तेवढीच. मोगोक या नावाचं वजन यावरून कळेल.

मांडवीताईंनी ‘वाटेत काय झालं’ विचारलंय, तर हेही नोंदवतो. मोंतेप्वेझच्या खाणीभोवती स्थानिक लोकांवर मारहाण आणि हत्या झाल्याचे आरोप झाले, लंडनच्या न्यायालयात दावा दाखल झाला आणि जानेवारी २०१९ मध्ये ती खाण चालवणाऱ्या जेमफिल्ड्स कंपनीने जबाबदारी मान्य न करता ५८ लाख पौंड देऊन तडजोड केली. ब्रह्मदेशची कथा तर सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेने २००८ मध्ये तिथल्या माणकांवर बंदी घातली, २०१६ मध्ये उठवली, २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी रत्न महामंडळावर पुन्हा निर्बंध आले. जुलै २०२४ मध्ये ता’आंग बंडखोरांनी मोगोक शहर लष्कराकडून जिंकून घेतलं.

इथल्या बाजारात ‘मोगोक, जुना माल’ असं सांगून पुडी पुढे केली जाते. जुना म्हणजे कधीचा, याचं उत्तर कागदावर क्वचितच मिळतं.

---

मांडवी

हे लिहिल्याबद्दल खरोखर आभार. न्गा मौकची चोरी १८८५ ची म्हणून आपण इतिहास म्हणून वाचतो, पण खाणीतल्या माणसाचा प्रश्न १८८५ ला संपलेला नाही. ‘पिजन ब्लड’ (कबुतराच्या रक्तासारखा, सर्वात मोलाचा मानला जाणारा लाल रंग) हा शब्द दाखल्यावर छापायला जेवढी काळजी घेतात, तेवढी खड्याच्या प्रवासाचे कागद ठेवायला घेतली तर निदान मोठ्या खड्यांपुरता तरी फरक पडेल. मोठ्या, महाग खड्यांना ते सहज परवडतं. आपण गिऱ्हाइकांनी मागायला सुरुवात केली पाहिजे.

---

ओवी

शेवटचा प्रश्न. आजीची नथ माझ्याकडे आली आहे. खडा तपासून घ्यायचा तर नथ उसवावी लागेल का? आणि ती धुवायची कशी?

---

भिंगवाला

उसवू नका. बसवलेल्या स्थितीतही प्रयोगशाळा बरंच सांगू शकते. वजन अचूक मिळणार नाही आणि दाखल्यावर ‘जडवलेल्या स्थितीत तपासलं’ असं लिहून येईल, इतकंच. आधी नथ उलटी करून बघा. खड्याची पाठ उघडी असेल तर कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, पण मोत्यांना साबण लागू देऊ नका, मोती ओल्या फडक्याने नुसते पुसायचे. पाठ सोन्याने बंद असेल तर आत डांक असणार. मग पाण्यात अजिबात बुडवू नका, पाणी आत गेलं की डांक काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. कोरड्या सुती फडक्याने पुसा. आणि ज्या दुकानात यंत्रात घालून हलवून साफ करून देतो म्हणतील, तिथे हातात देऊ नका.